स्कॉटलंडच्या दुर्गम बेटावर लोक दिवसभर करतात तरी काय?

तुम्ही विचारलंय की, जिथे शंभर माणसंही राहत नाहीत अशा स्कॉटलंडच्या बेटावर लोक दिवस कसा काढतात, कंटाळत नाहीत का, आणि तिथली हस्तकला खरंच जिवंत आहे की पर्यटकांपुरती मांडून ठेवलेली? मी गेले होते ती या तिसऱ्या प्रश्नासाठी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं न मागता मिळाली.

आधी माझा अधिकार किती ते सांगते. मी मूळची इचलकरंजीची, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात. जून 2023 मध्ये फेअर आइल नावाच्या बेटावर आठ दिवसांसाठी गेले आणि अकरा दिवसांनी परत आले. वरचे तीन दिवस धुक्याने दिले. म्हणजे हे पाहुणीचं उत्तर आहे. हिवाळ्याबद्दल जे लिहीन ते ऐकीव.

फेअर आइल हे ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या साधारण मधोमध, एकटंच पडलेलं बेट. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. लोकसंख्या पन्नासच्या आतबाहेर. आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं जमतात. 1861 च्या सुमारास इथे साडेतीनशेच्या वर लोक होते. एवढ्यांचं पोट जमिनीला भरता येईना, म्हणून 1862 मध्ये शंभराहून जास्त जण एकदम कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकला निघून गेले. पुढे विसाव्या शतकात एक वेळ अशी आली की बेट रिकामं करावं का, यावर गंभीरपणे बोलणं सुरू झालं. ते नुसतं बोलणं नव्हतं, कारण सेंट किल्डा या दुसऱ्या बेटावरची शेवटची 36 माणसं 1930 च्या ऑगस्टमध्ये खरोखरच मुख्य भूमीवर आणली गेली होती. फेअर आइल वाचलं. 1954 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने ते विकत घेतलं आणि आजही बेट त्यांच्याच मालकीचं आहे.

जायचं कसं? ॲबर्डीनहून रात्रभराच्या जहाजाने शेटलंडचं मुख्य गाव लरविक, तिथून शेटलंडच्या दक्षिण टोकाला ग्रटनेसचा धक्का, आणि तिथून 'गुड शेपर्ड' नावाची छोटी बोट. बारा प्रवासी, अडीच तास. वाटेत अटलांटिक आणि उत्तर समुद्र एकमेकांना भिडतात, तिथल्या खळबळीला 'रूस्ट' म्हणतात. मी अलिबागची बोट पावसाळ्याच्या तोंडावर केलेली बाई, मला वाटलं होतं निभेल. नाही निभलं. दीड तास मी बादली धरून बसले होते आणि बोटीवरचा एक माणूस दर दहा मिनिटांनी येऊन, अगदी पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा, किती राहिलं ते सांगून जात होता.

बोट पोचल्यावर एक गंमत पाहिली. प्रवासी आणि सामान उतरलं की बोटीला यंत्राने ओढून सरळ जमिनीवर घेतात. बंदर इतकं उघडं आहे की रात्रभर पाण्यात बांधून ठेवली तर सकाळी सापडेलच असं नाही. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात ना, तसं, फक्त इथे दर फेरीला.

आता तुमचा पहिला प्रश्न. लोक दिवसभर करतात काय, तर सगळं. शहरात आपण एकच काम करतो आणि बाकीच्या कामांसाठी दुसरी माणसं असतात. तिथे ती दुसरी माणसं म्हणजे तुम्हीच. विमान उतरताना अग्निशमनाची गाडी तयार ठेवावी लागते, ती बेटावरचेच लोक चालवतात. बोटीवरचे खलाशी बेटावरचेच, आणि घरी त्यांची मेंढरं आहेत, बटाट्याचे वाफे आहेत. मी ज्यांच्याकडे राहिले त्या बाई सकाळी पाहुण्यांची न्याहारी करायच्या, दुपारी दुसरीकडे काही तासांची नोकरी, संध्याकाळी विणकाम, आणि मध्ये कधी विमानाची वेळ असली की पिवळं जाकीट चढवून धावपट्टीवर हजर. धावपट्टी म्हणजे खडीची पट्टी आणि शेजारी एक खोपटं. विमान आठ-नऊ माणसांचं, शेटलंडमधल्या टिंगवॉल विमानतळाहून पंचवीस मिनिटांत येतं, पण आभाळाची परवानगी असेल तर.

या आभाळाच्या परवानगीवर सगळं चालतं. बीबीसीच्या रेडिओवर समुद्रातल्या जहाजांसाठी हवामान सांगतात, त्यातल्या एका सागरी विभागाचं नावच 'फेअर आइल' आहे. ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांनी हे नाव आयुष्यभर रेडिओवर ऐकलेलं असतं, बेट कधी पाहिलेलं नसतं. बेटावर मात्र ते चवीने ऐकायचं प्रकरण नाही. बोट मंगळवारी येणार की गुरुवारी, दूध संपेल की पुरेल, दाढदुखीवाल्याला लरविकला जाता येईल की नाही, हे सगळं त्यावर ठरतं. बेटावर एक परिचारिका आहे, डॉक्टर नाही. बरंच काही झालं तर हवेतून न्यायचं. शाळा प्राथमिकपर्यंत, मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अकरा-बारा वर्षांचं झालं की मूल लरविकच्या वसतिगृहात जातं आणि हवामान सोसेल तसं काही आठवड्यांनी घरी येतं. मला बेटावरची सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटली. वादळ, काळोख यांची सवय होते म्हणतात. अकरा वर्षांच्या मुलाला बोटीत बसवून देण्याची सवय कुठल्या आईला होत असेल?

वीज हा आणखी एक विषय. 1982 पासून इथे पवनचक्की आहे, पण वारा पडला की डिझेलचं जनित्र, आणि तेही रात्री अकरा ते सकाळी सात बंद. ऑक्टोबर 2018 मध्ये तीन नव्या पवनचक्क्या, सौर पॅनल आणि बॅटऱ्या बसल्या, तेव्हा कुठे चोवीस तास वीज आली. घरमालकीणबाई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात आम्ही सवयीने अकराच्या आत अंथरुणात शिरत होतो आणि मग पडल्या पडल्या दिवा लावत-विझवत होतो. भारनियमन भोगलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कंटाळ्याचं विचाराल तर मला कंटाळलेलं माणूस दिसलं नाही, थकलेली मात्र बरीच दिसली. एक मेंढरांचा दिवस मी पाहिला. बेटाचा उत्तर भाग उघडा माळ आहे, तो सामाईक गायरान. दक्षिणेकडे घरं आणि शेतं, मध्ये दगडी बांध. माळावरची मेंढरं खाली आणायची तर चालता येणारा प्रत्येक जण रांग करून निघतो. मलाही एका टोकाला उभं केलं आणि बजावलं, मेंढी अंगावर आली तर हात पसरून उभी राहा. मेंढी आली. मी बाजूला झाले. त्या एका मेंढीसाठी चौघांना पुन्हा अर्धा डोंगर चढावा लागला. कोणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं चांगलंच लागलं.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. 1948 पासून इथे पक्षीनिरीक्षण केंद्र आहे. स्थलांतराच्या वाटेवर भर समुद्रात एवढीच टेकायची जागा, त्यामुळे वाट चुकलेले पक्षी इथे उतरतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणवाली माणसं. मार्च 2019 मध्ये केंद्राची इमारत आगीत गेली. मी गेले तेव्हा नव्याचं बांधकाम चालू होतं, 2025 मध्ये ते पुन्हा उघडलं. मला स्वतःला पफिन पुरले. चोचीवर होळीचा रंग फासल्यासारखा हा पक्षी बंदराच्या कड्यावर दहा फुटांवर येऊन बसतो. तिथे त्याला 'टॅमी नोरी' म्हणतात.

आता विणकाम. इथे मी थोडी जास्त बोलणार आहे.

'फेअर आइल स्वेटर' तुम्ही नक्की पाहिलाय, नाव माहीत नसेल एवढंच. छातीवर आडवे पट्टे, पट्ट्यांत फुल्या, चौकटी, चांदण्यांसारख्या आकृत्या, प्रत्येक पट्ट्याला वेगळे रंग. पाहून वाटतं एका ओळीत पाच-सहा रंग असतील. खरी मेख इथेच आहे: कुठल्याही एका ओळीत रंग फक्त दोन. दर दोन-चार ओळींनी पार्श्वभूमीचा किंवा नक्षीचा रंग बदलतात आणि डोळा फसतो. विणताना जो रंग वापरात नाही त्याचा धागा आतल्या बाजूने धावत राहतो, त्यामुळे कापड आपोआप दुहेरी होतं, हलकं आणि ऊबदार. म्हणजे नक्षी ही शोभा आहेच, पण वाऱ्यात काम करणाऱ्या माणसाला तीच दुसरी चादर. पैठणीच्या पदराची मागची बाजू उलटून बघायची माझ्या आईची सवय. मी पहिला स्वेटर हातात घेतल्यावर तेच केलं. बाई हसल्या. म्हणाल्या, जाणकार माणूस आधी आतच बघतो.

जुन्या नमुन्यांत लाल, निळा, पिवळा आणि मेंढीचे नैसर्गिक रंग दिसतात. बेटावर एक झाड धड उभं राहत नाही, मग लाल-निळा आला कुठून? लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून, निळा निळीपासून, आणि दोन्ही बाहेरून आलेले. त्या काळी युरोपात जाणाऱ्या निळीचा मोठा वाटा बंगाल-बिहारमधून जायचा. मेंढीच्या स्वतःच्या रंगांना मात्र घरची नावं आहेत. तांबूस तपकिरी तो 'मूरिट', गडद राखाडी तो 'शेला'. आपल्या शेल्याशी त्याचा काही संबंध नाही, पण मला ते नाव पहिल्या दिवशीच पाठ झालं.

विणकामाला ते 'मॅकिन' म्हणतात, म्हणजे नुसतं 'करणं'. सुया लांब, दोन्हीकडे टोक असलेल्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली भोकाभोकांची गादी. सुईचं एक टोक त्या भोकात खुपसायचं म्हणजे सुई धरायला हात लागत नाही, आणि चालता चालतासुद्धा विणता येतं. शेटलंडच्या जुन्या फोटोंत बायका पाठीवर टोपलीभर सरपण घेऊन उतरताना दिसतात आणि हातात विणकाम चालूच. हे फोटो पोस्टकार्डावर फार गोड दिसतात. मला ते पाहून आमच्याकडच्या डोक्यावर भारा, काखेत पोर घेऊन घराकडे निघालेल्या बायका आठवल्या आणि गोड वगैरे काही वाटलं नाही.

कारण या कलेचा हिशोब फार काळ बायकांच्या बाजूने नव्हता. एकोणिसाव्या शतकात शेटलंडमध्ये व्यापारी विणलेल्या मालाचे पैसे देत नसत, आपल्याच दुकानातला माल देत. चहा, कापड वगैरे. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी, मग ती पुडी घेऊन पिठासाठी दारोदार फिरायचं. या पद्धतीच्या चौकशीसाठी सरकारी आयोग नेमला गेला आणि 1872 मध्ये त्याचा शेटलंडवरचा अहवाल आला. त्यात विणणाऱ्या बायकांच्या साक्षी आहेत. उचल घेऊन वर्षभर अडकलेला ऊसतोड कामगार ज्याने पाहिलाय त्याला यातलं काही नवीन वाटणार नाही.

मग फॅशन आली. 1922 मध्ये राजपुत्र एडवर्ड, पुढे आठवा एडवर्ड झाला तो, सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध गोल्फ क्लबचा कप्तान म्हणून मैदानात उतरला तेव्हा अंगात फेअर आइल स्वेटर होता. लगेच सगळ्यांना तो हवासा झाला. एका माणसाने घातलेल्या कपड्याने शेकडो घरांच्या चुली पेटल्या, हे खरं. नकलाही तेव्हापासूनच सुरू झाल्या, हेही खरं.

एक लोकप्रिय कथा मात्र मोडून काढते, कारण ती तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज या बेटावर फुटलं. सुमारे 300 माणसं किनाऱ्याला लागली आणि काही आठवडे इथेच राहिली. तेव्हा बेटावर घरं होती सतरा. या स्पॅनिश खलाशांनी बेटावरच्या बायकांना ही नक्षी शिकवली, असं सांगतात. जहाज फुटलं हे खरं, नक्षीची गोष्ट नाही. आज हाताशी असलेले जुने नमुने एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि अशा आकृत्या बाल्टिक आणि स्कँडिनेव्हियातही सापडतात. शिवाय साधा विचार करा. सतरा घरांत तीनशे भुकेले पुरुष येऊन पडलेत, त्यातले कित्येक उपासमारीने गेले. अशा वेळी कोण कोणाला नक्षी शिकवत बसेल? बायकांच्या हातात काही सुंदर दिसलं की ते कुठल्यातरी परक्या पुरुषाने शिकवलं असणार, ही समजूत काही एकट्या स्कॉटलंडची नाही.

मी शिकले ती एका टोपीवर. रात्री साडेअकरालाही आकाशात इतका उजेड असतो की खिडकीशी बसून टाके मोजता येतात. जूनमधल्या या न मावळणाऱ्या संध्याकाळीला ते 'सिमर डिम' म्हणतात. शेजारच्या आजोबांनी माझं विणकाम उचलून पाहिलं आणि म्हणाले, 'पीरी' चूक आहे. पीरी म्हणजे लहान, शेटलंडच्या बोलीतला सगळ्यात लाडका शब्द. त्या बोलीत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत, जवळच्या माणसाला 'डू' म्हणतात. चार वर्षं इंग्रजीत सगळ्यांना एकाच मापाने मोजल्यावर त्या आजोबांनी मला 'डू' म्हटलं तेव्हा बरं वाटलं. लहान चूक त्यांनी सहा ओळी उसवायला लावली, ती गोष्ट वेगळी.

आणि मग कात्री. हा प्रकार मला कोणी आधी सांगितला नव्हता. स्वेटर पोत्यासारखा गोल विणतात, खालपासून वरपर्यंत, बाह्यांसाठी कुठेही उघडं न ठेवता, कारण गोल विणलं की नक्षीची बाजू सतत समोर राहते आणि उलटे टाके घालावे लागत नाहीत. पूर्ण झालं की जिथे बाही लावायची तिथे सरळ कात्रीने कापतात. त्यासाठी काही जादा टाके आधीच घातलेले असतात. बाईंनी दीड महिन्याचं काम मांडीवर घेतलं, चष्मा वर केला आणि कचाकच कापलं. मी डोळे मिटले. एक टाकासुद्धा सुटला नाही. शेटलंडच्या मेंढीची लोकर इतकी चिकट की धागे एकमेकांना धरून बसतात. आपल्याकडच्या ॲक्रिलिकच्या लोकरीवर हा प्रयोग करू नका, संध्याकाळपर्यंत हातात गुंडा उरेल.

धुतल्यावर स्वेटर लाकडी चौकटीवर ताणून वाळवतात. लाकूडही तिथे मौल्यवान. समुद्रात वाहून आलेल्या फळ्या आणि ओटच्या काडाची उंच पाठ, अशा खुर्च्या बेटावर पूर्वीपासून बनतात. काडाची पाठ वाऱ्याची झुळूक अडवते. बसून पाहिली. पाठीला हाताने थोपटल्यासारखं वाटतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कला जिवंत की नाटकी. बाई मूळच्या बेटावरच्या नाहीत. इंग्लंडमधल्या एका शहरातून तीस वर्षांपूर्वी आल्या आणि शेजारणींकडून शिकल्या. मला आधी जरा निराशा वाटली, लपवत नाही. मला सात पिढ्यांची विणकरीण हवी होती. दोन दिवसांनी स्वतःचीच लाज वाटली. पन्नास माणसांच्या बेटावर फक्त रक्ताने कला टिकवायची म्हटली तर ती कधीच संपली असती. माती कुठलीही असो, घडा पाणी धरतो का ते बघावं. तिथे राहून, तिथली बोट ओढून, त्या लोकरीवर पोट भरणारी माणसं आहेत तोवर ती कला जिवंतच.

धोका दुसरीकडे आहे. फेअर आइल हे नाव कोणीही वापरू शकतं. हॅरिस ट्वीड या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरच्या लोकरी कापडासाठी 1993 चा स्वतंत्र कायदा आहे. त्या बेटांवर, विणकराच्या घरी, हाताने विणलं नसेल तर ते नाव लावता येत नाही. फेअर आइलला असं कुंपण नाही. जगातल्या कुठल्याही कारखान्यात यंत्रावर निघालेला स्वेटर 'फेअर आइल' म्हणून विकला जातो. 2015 च्या डिसेंबरमध्ये शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या रोममधल्या शोमध्ये जे स्वेटर आले, ते बेटावर राहणाऱ्या माती व्हेंत्रियों या डिझायनरच्या नक्षीसारखे निघाले. शनेलच्या माणसांनी आधी बेटावर येऊन तिचे कपडे विकत नेले होते. तिने समाजमाध्यमांवर जाहीर तक्रार केली, तेव्हा कंपनीने माफी मागितली आणि श्रेय दिलं. (ही बाईदेखील लंडनहून येऊन स्थायिक झालेली.) 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमधल्या चपला पाहून कोल्हापुरात जो संताप झाला, तो मी ॲबर्डीनमध्ये बसून वाचत होते आणि मला हे प्रकरण आठवत होतं. आपल्या चपलेला निदान 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. त्या स्वेटरला तेही नाही.

राहायला जायचा विचार असेल तर, ट्रस्टकडे घर रिकामं झालं की ते अर्ज मागवतात. दुसरं काही येत नसलं तरी चालेल, पण मेंढी अंगावर आल्यावर बाजूला होऊ नका.

परत येताना तीन दिवस रोज सकाळी तेच: विमान येतंय असा निरोप, सामान दाराशी, मग धुकं, मग सामान पुन्हा आत. त्या तीन दिवसांत टोपी पूर्ण झाली आणि बाईंनी स्वेटरसाठी लोकर मोजून दिली. तो स्वेटर मी दोन हिवाळ्यांत गोल विणून संपवला. तेव्हापासून तो कपाटात तसाच आहे, बाह्यांशिवायचा, पोत्यासारखा. बाईंना फोटो पाठवला तर उत्तर आलं, कात्री धारदार घे. घेतली आहे. शेजारीच ठेवली आहे.